कोणती गोळी, कोणासाठी?

(मिशनच्या ग्रामआरोग्य कार्यकर्त्यांच्या शिबिरात, दरमहा येणाऱ्या आपल्या मानसोपचार डॉक्टरताईंनी केलेल्या भाषणाचे शब्दांकन. रुग्णांची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.)



मागच्या शिबिरात मोखाड्याकडच्या एका ताईनं उठून मला विचारलं होतं, "डॉक्टरीणबाई, उदासीच्या आजारावर सगळ्यात चांगली गोळी कोणती ते सांगा ना, आम्ही वहीत लिहून ठेवतो." तेवढ्यात जेवणाची घंटा झाली आणि उत्तर राहून गेलं. वर्षभर तो प्रश्न माझ्या डोक्यात आहे. आज त्याच्याबद्दलच बोलते.

गोळ्या कमी नाहीत. २०१८ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात एक मोठा अभ्यास छापून आला. नैराश्यावरची २१ औषधं, ५२२ चाचण्या आणि १ लाख १६ हजारांहून जास्त रुग्ण त्यात होते. निष्कर्ष असा निघाला की २१च्या २१ औषधं नुसत्या खोट्या गोळीपेक्षा सरस आहेत, पण आपापसांत त्यांच्यात फार मोठा फरक नाही. म्हणजे मी वहीत एक नाव लिहून दिलं तर ती तुमची फसवणूक होईल. अमेरिकेतला आणखी एक मोठा अभ्यास सांगतो की पहिल्याच औषधानं पूर्ण बरे होणारे साधारण तीनात एक असतात. बाकीच्यांना मात्रा वाढवावी लागते, औषध बदलावं लागतं, जोडीला दुसरं काही द्यावं लागतं.

मग मी निवडते कशावरून? खरं सांगू का, निम्मी निवड तुम्ही सांगता त्यावरून होते. आणि जेव्हा मी तुम्हाला विचारलं नाही, तेव्हा मी चुकले आहे. त्या चुकाही आज सांगणार आहे.

पहिली गोष्ट एका बाईची. वय तिशीचं. तिनं मला एकदाही "मी उदास आहे" म्हटलं नाही. आपल्याकडे तसं कोणी म्हणतच नाही. अंग दुखतं, डोकं जड, काळीज धडधडतं, भाकर गोड लागत नाही, पहाटे तीनला डोळा उघडतो तो उघडाच. तीन वर्षं ती बाजाराच्या दिवशी सुई घेत होती, सलाईन लावून घेत होती. प्रत्येक वेळी शे-दोनशे रुपये. आमच्या आरोग्यताईनं तिला दवाखान्यात आणलं, कारण आवणीच्या दिवसांत ती बांधावर नुसती बसून होती. "जी बाई आवणीला सगळ्यांच्या पुढं असायची, ती बसली म्हणजे काहीतरी झालंय," असं ताई म्हणाली. हे निदान मी पुस्तकातून करू शकले नसते.

आधी हिमोग्लोबिन बघितलं, थायरॉइड बघितलं. हे मी नेहमी करते, कारण रक्त कमी असलं तरी माणूस असाच गळून जातो आणि तिथं माझ्या गोळीचा काही उपयोग नसतो. ते ठीक होतं. मग मी तिला शहरात माझे सहकारी हमखास लिहितात ते एस्सिटालोप्रॅम लिहून दिलं. औषध चांगलं आहे, साधारण सगळ्यांना झेपतं. मी म्हटलं, रोज एक घ्या, महिन्यानं या.

ती आली नाही. दोन महिन्यांनी ताई घरी गेली तेव्हा गोळ्यांची पट्टी कणगीमागे खोचलेली सापडली. चार गोळ्या खाल्लेल्या, बाकी तशाच. तिसऱ्या दिवशी मळमळलं, पोटात ढवळलं. ती म्हणाली, "आधीच खाल्लेलं जात नाही, त्यात ही गोळी अजून उपाशी ठेवते." दुसरं असं की ती गोळी आमच्या दवाखान्यातली नव्हती, चिठ्ठी घेऊन जव्हारला जावं लागत होतं. भाडं, मजुरी बुडणार, आणि नवरा म्हणाला, एवढ्या बारक्या गोळीसाठी कशाला.

आता यात औषधाचा दोष कुठे आहे? मळमळ पहिल्या आठवड्यात बऱ्याच जणांना होते आणि बहुतेकांची आठ-दहा दिवसांत जाते. हे मी तिला सांगितलंच नव्हतं. त्याहून मोठी गोष्ट, गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात, कधी सहा. म्हणजे त्रास पहिल्या दिवसापासून आणि फायदा महिन्यानं! जगातलं दुसरं कुठलं औषध तुम्ही असं घ्याल, सांगा बरं? सुई टोचली की तासाभरात अंग हलकं होतं हे ज्यांनी पाहिलंय, त्यांना ही गोळी खोटीच वाटणार.

दुसऱ्या वेळी मी तिला फ्लुऑक्सेटिन दिलं. २० मिलिग्रॅमची एक कॅप्सूल, सकाळी काहीतरी खाल्ल्यावर. हे औषध जुनं आहे, स्वस्त आहे, आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे. आपल्या दवाखान्यात ते वर्षभर ठेवता येतं. आणखी एक गुण आपल्या भागासाठी फार मोलाचा आहे. ते शरीरातून हळूहळू जातं, पूर्ण जायला काही आठवडे लागतात. म्हणून एखादा दिवस विसरलं, नदीला पूर आला, गोळी संपली आणि चार दिवस उशीर झाला, तर एकदम काही बिघडत नाही. पॅरॉक्सेटिन किंवा व्हेन्लाफॅक्सिन दोन दिवस चुकलं तर चक्कर येते, डोक्यात करंट बसल्यासारखं होतं, जीव घाबरतो. शहरात, मेडिकलच्या दुकानाच्या वर राहणाऱ्याला ती चालतील. पावसाळ्यात रस्ता तुटणाऱ्या पाड्यावर मी ती सहसा देत नाही.

ताई दर आठवड्याला तिच्याकडे जात राहिली. फार काही करायची नाही. ओट्यावर बसायची, मळमळ आहे का विचारायची, आणि "आज काय केलंस" एवढं विचारून उद्यासाठी एक लहान काम ठरवून यायची. गोव्यात आरोग्य केंद्रांमध्ये 'मानस' नावाचा एक अभ्यास झाला, २०१० साली तो प्रसिद्ध झाला. प्रशिक्षण दिलेल्या साध्या कार्यकर्त्यांनी रुग्णांशी बोलायचं, पाठपुरावा करायचा, लागेल त्यालाच डॉक्टरांनी गोळी द्यायची. सरकारी केंद्रांत येणाऱ्या रुग्णांना त्याचा फायदा दिसला. आपली ताई तेच करत होती. हलक्या नैराश्यात तर गोळीच्या आधी हेच करायचं असतं. गोळी लागते ती मध्यम आणि जोरदार आजाराला.

पाचव्या आठवड्यात ती बाई मला म्हणाली, "काही फरक नाही." मी ताईकडे पाहिलं. ताई म्हणाली, "परवा हिनं अंगण सारवलं आणि शेजारणीबरोबर रानभाजीला गेली." असं पुष्कळदा होतं. माणूस आधी हलतो, मन मागून येतं, आणि बदल घरच्यांना आधी दिसतो. म्हणून मी एकट्या रुग्णाच्या सांगण्यावरून औषध बदलत नाही.

आता माझ्या चुकीची गोष्ट. बावीस-तेवीस वर्षांचा मुलगा. घरात पडून, बोलणं नाही, आंघोळ नाही, "मी मेलो तर बरं" म्हणायचा. त्याला आईनं आणलं होतं. मी त्याला नैराश्याची गोळी सुरू केली. तीन आठवड्यांत तो उठला, आई खूश झाली. चौथ्या आठवड्यात तो रात्रभर जागा राहून ढोल वाजवत होता, बापाला न विचारता बैल विकायला निघाला होता आणि अडवलं तर मारायला धावत होता. पाड्यावरचे दादा मला नंतर म्हणाले, "मागच्या शिमग्यालापण असाच झाला होता की. दहा दिवस झोपला नव्हता, हप्त्यावर मोटारसायकल आणली. भगतानं उतरवलं तेव्हा शांत झाला."

हे त्यांना माहीत होतं. मी विचारलं नव्हतं. ज्याला कधी असा चढ येऊन गेलाय, त्याच्या उदासीचा आजार वेगळा असतो. त्याला नुसती नैराश्याची गोळी दिली तर ती त्याला पुन्हा चढवू शकते. त्याला मूड स्थिर ठेवणारं औषध लागतं. तेव्हापासून माझा पहिला प्रश्न ठरलेला आहे: कधी असं झालं होतं का, की झोप नसूनही थकवा नव्हता, पैसा उधळला, बडबड थांबत नव्हती? रुग्णाला ते आठवत नाही, किंवा तो त्याला आजार समजत नाही. तुम्हाला आठवतं. भगतालाही आठवतं. भगताकडे जाऊ नका असं मी कोणाला कधी सांगितलेलं नाही. गोळी बंद करू नका आणि झाडपाला पोटात घेत असाल तर मला दाखवा, एवढंच सांगते.

दुसरी चूक सांगायला जड जाते. ॲमिट्रिप्टिलिन नावाची जुनी गोळी आहे. तीही अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे, झोप चांगली लागते, अंगदुखी कमी होते, आणि स्वस्त म्हणजे फारच स्वस्त. अंगदुखीच्या रुग्णांना मी ती महिन्याची एकदम देत असे, येण्याजाण्याचा त्रास वाचावा म्हणून. एका घरात सासूला दिलेली पट्टी घरातल्या सोळा वर्षांच्या मुलीनं भांडण झाल्यावर संपवली. ही गोळी जास्त झाली तर थेट हृदयाचे ठोके बिघडवते. झोळीतून, मग जीपमधून, मग ॲम्ब्युलन्समधून तिला मोठ्या रुग्णालयात नेलं. दोन दिवस यंत्र लावून ठेवलं होतं. मुलगी वाचली. गेल्या वर्षी दहावी झाली. पण त्या दोन रात्री मी झोपले नाही. औषध देताना मी रुग्णाचं सगळं बघितलं होतं, त्याच्या घरात आणखी कोण राहतं ते बघितलं नव्हतं.

आता ॲमिट्रिप्टिलिन मी क्वचित देते, दिली तर कमी मात्रेत आणि आठवड्यापुरतीच, आणि ती ताईच्या किंवा घरातल्या जाणत्या माणसाच्या हातात. फ्लुऑक्सेटिन, सर्ट्रालिन या गटातल्या गोळ्या जास्त खाल्ल्या तरी धोका त्या मानानं बराच कमी असतो. पण कोणी गोळ्या खाल्ल्या तर वाट बघायची नाही, लगेच दवाखान्यात. त्याचबरोबर, पंचविशीच्या आतल्या मुलामुलींना कुठलीही नैराश्याची गोळी सुरू केल्यावर पहिले काही आठवडे जास्त लक्ष ठेवावं लागतं. त्या काळात काहींची तळमळ वाढते, मरणाचे विचार वाढतात. तिथं आठवड्यातून दोनदा जा आणि सरळ विचारा, "जिवाचं काही बरंवाईट करावंसं वाटतं का?" विचारल्यानं तो विचार डोक्यात शिरत नाही. असलेला विचार बाहेर येतो. घरातलं कीटकनाशक कुलपात ठेवायला सांगा. रात्री-अपरात्री १४४१६ हा टेलिमानसचा सरकारी क्रमांक लावा, तो फुकट आहे आणि चोवीस तास चालू असतो.

आता तुम्ही मला काय काय सांगायला हवं, ते भराभर सांगते.

बाई पोटुशी आहे किंवा अंगावर पाजते, तर आधी सांगा. अशा वेळी मी बहुतेकदा सर्ट्रालिन निवडते, ते दुधात फार कमी उतरतं. पॅरॉक्सेटिन गरोदरपणात टाळते. पण दिवस गेले म्हणून घाबरून तुम्हीच गोळी बंद करू नका. जी आई जेवत नाही, झोपत नाही, तिचं बाळही सुखरूप नसतं.

वजन छत्तीस किलो आणि अन्नावर वासना नाही, तर फ्लुऑक्सेटिन भूक आणखी कमी करू शकतं. तिथं मिर्टाझापिन बरं. रात्री घ्यायचं, झोप येते, भूक लागते. थोडं महाग पडतं, पण मिशननं या वर्षी त्याची सोय केली आहे. देणगीदारांपर्यंत हे वार्तापत्र जातं म्हणून मुद्दाम सांगते, तुमच्या पैशातून अशा गोष्टी होतात.

टीबीचं औषध चालू आहे का? हे फार महत्त्वाचं. औषधांना दाद न देणाऱ्या टीबीसाठी लिनेझोलिड देतात. त्याच्याबरोबर माझी नैराश्याची गोळी गेली तर ताप, थरथर, घाम, बेशुद्धी असा जीवघेणा त्रास होऊ शकतो. गंमत बघा, नैराश्यावरच्या पहिल्या औषधांपैकी एक टीबीच्या दवाखान्यातच सापडलं. १९५२ साली न्यूयॉर्कमधल्या एका टीबी रुग्णालयात इप्रोनियाझिड देऊन बघत होते, तर छातीच्या रोगानं खचलेली माणसं एकदम उत्साहात आली, हसू-बोलू लागली. पुढे यकृताला त्रास होतो म्हणून ते मागे पडलं. लिनेझोलिडमध्ये त्याच जातीचा गुण थोडासा आहे, म्हणून ही काळजी.

सिकलसेलचं कार्ड असलेला पुरुष असेल तर मी झोपेसाठी ट्रॅझोडोन देत नाही. लिंग तासन्तास ताठ राहून दुखण्याचा त्रास सिकलसेलमध्ये मुळातच होतो, आणि ती गोळीही तो करू शकते. हसू नका, कायमचं नुकसान होतं त्यानं. आणि विषय निघालाच आहे तर सांगते, या गोळ्यांनी पुरुषांची आणि बायकांचीही इच्छा कमी होऊ शकते. पुरुष गोळी सोडतात त्याचं हे एक मोठं कारण, आणि ते कोणी सांगत नाहीत. दादांनो, हे तुम्ही विचारा. औषध बदलता येतं.

फिट येत असेल, फेनिटॉइन चालू असेल, तर सांगा. आवणी-कापणीच्या दिवसांत दुखण्याच्या गोळ्या खात असेल तर सांगा, दोन्ही मिळून पोटात रक्तस्राव होण्याचा धोका वाढतो. म्हातारं माणूस गोळी सुरू झाल्यावर बरळायला लागलं, तर रक्तातलं मीठ कमी झालेलं असू शकतं, त्याला घेऊन या.

दारू. आपल्याकडे ताडी आहे, मोहाची आहे, हे मला कोणी सांगायला नको. कित्येकांच्या उदासीचं मूळच तिच्यात असतं, तिथं आधी दारूवर काम करावं लागतं. झोप आणणाऱ्या गोळीबरोबर तर ती घ्यायचीच नाही. पण आणखी एक बघितलंय. लग्नात प्यायला, मग "आता गोळी आणि दारू एकत्र झाली" म्हणून घाबरून गोळी कायमची सोडली. तसं नको. दुसऱ्या दिवसापासून पुन्हा सुरू करायची आणि मला खरं सांगायचं. मी रागावत नाही.

राहिली वीटभट्टी. दिवाळी झाली की निम्मे पाडे रिकामे होतात, भिवंडीकडे, वसईकडे जातात ते पावसाच्या तोंडावर परत येतात. आणि ही गोळी बरं वाटल्यावरही सहा ते नऊ महिने चालू ठेवायची असते, नाहीतर आजार उलटतो. मग माझ्या बाईचं काय होणार? गेल्या वर्षी ती भट्टीवर जायच्या आदल्या दिवशी ताई मला फोनवर म्हणाली, "उद्या ट्रक येतोय." तोवर उशीर झाला होता. ती दोन आठवड्यांच्या गोळ्या घेऊन गेली, आणि होळीला आली ती पुन्हा पहिल्यासारखी होऊन. परत पहिल्यापासून सुरुवात करावी लागली. आता ती बरी आहे, या शिबिराच्या स्वयंपाकात ती आहे, तुम्ही तिच्या हातची भाकर खाणार आहात. कोण ते विचारू नका.

म्हणून या वर्षी असं करू. कोजागिरीच्या आधी प्रत्येकीनं आपापल्या पाड्यातल्या, गोळी चालू असलेल्या माणसांची नावं सिस्टरकडे द्यायची. शेजारी लिहायचं: भट्टीवर जाणार की नाही, कुठल्या गावाला, बरोबर कोण आहे, फोन कोणाचा. जो जाणार, त्याचं औषध मी आतापासूनच अशा गोळीवर आणते जी तिकडच्या सरकारी दवाखान्यात मिळेल आणि चार दिवस चुकली तरी चालेल. कागद दोन करायचे, एक त्याच्याकडे, एक त्याच्या सोबत्याकडे. ज्या घरात धोका आहे तिथं एकदम सगळ्या गोळ्या द्यायच्या नाहीत. त्यांच्यासाठी महिन्यातून एकदा भट्टीवर जायला मिशनची जीप मिळेल, मी बोलले आहे.

त्या वहीत आता कुठल्या गोळीचं नाव लिहू नका. पान आखून घ्या, रकाने सिस्टर सांगतील. पुढच्या महिन्यात दुसऱ्या गुरुवारी मी येते तेव्हा वह्या बघायला मागणार आहे. घंटा झाली वाटतं, चला जेवायला.